दगड उचलून पाहिला का? प्रकल्पाच्या जागेजवळ संकटग्रस्त सरपटणारे प्राणी आहेत का, हे कसे ठरवतात

मे महिन्याच्या दुपारी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उभे राहिले, तर चारही बाजूंना तापलेला काळपट कातळ, करड झालेले गवत आणि विखुरलेले दगड याखेरीज काहीच दिसत नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बहुधा पोटखराबा असे लिहिलेले असते, आणि उपग्रहचित्रांवरून तयार होणाऱ्या पडीक जमिनींच्या नकाशातही ती नापीक, खडकाळ याच रकान्यात जाते. साहजिकच चिरेखाण, बॉक्साइटची खाण किंवा कारखाना यांसाठी जागा शोधणाऱ्याला सडा ही रिकामी जमीन वाटते. मात्र त्याच सड्यावरचा एखादा सुटा, चपटा दगड अलगद उचलला, तर खाली मुंग्यांची धावपळ दिसते, एखादा विंचू नांगी वर करतो आणि नशीब असेल तर बोटाच्या दोन पेरांएवढी, पाठीवर फिकट आडवे पट्टे असलेली एक पाल क्षणभर स्तब्ध राहून शेजारच्या फटीत नाहीशी होते. ही घरातली पाल नव्हे. ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच वावरते आणि दिवस दगडाखाली काढते. १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले या गावच्या नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि तिला हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची, असे नाव मिळाले. कोकणच्या सड्यांच्या एका छोट्या पट्ट्याबाहेर ती आढळत नाही आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ती असुरक्षित या वर्गात आहे.

अशा जागी एखादा प्रकल्प प्रस्तावित झाला, तर तिथे ही पाल किंवा तिच्यासारखे दुसरे संकटग्रस्त सरपटणारे प्राणी आहेत की नाहीत हे कोणी, कसे आणि कितपत खात्रीने सांगायचे, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर सोपा वाटतो. जाऊन पाहायचे, असले तर लिहायचे, नसले तर नाही लिहायचे. अडचण शेवटच्या चार शब्दांत आहे.

आधी संकटग्रस्त कोणाला म्हणायचे ते पाहू, कारण इथे दोन वेगवेगळ्या याद्या एकमेकींत मिसळल्या जातात. पहिली यादी वर उल्लेखिलेली लाल यादी. एखादी जात नष्ट होण्याचा धोका किती, याचा तो शास्त्रीय अंदाज असतो, आणि त्यातील असुरक्षित, धोक्यात आणि अतिसंकटग्रस्त या तीन वर्गांना मिळून संकटग्रस्त म्हणतात. २०२२ साली जगभरातील १०,१९६ सरपटणाऱ्या जातींचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील २१ टक्के जाती संकटग्रस्त ठरल्या. दुसरी यादी कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ला असलेल्या अनुसूचींची २०२२ च्या दुरुस्तीत नव्याने मांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या दोन याद्या जुळतातच असे नाही. आपली नेहमीची घोरपड कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, पण लाल यादीनुसार ती संकटग्रस्त ठरत नाही, त्याच्या एक पायरी अलीकडे आहे. उलट लाल यादीत असुरक्षित ठरलेल्या एखाद्या चिमुकल्या पालीला कायद्यात तितकेच वरचे स्थान मिळेल याची हमी नसते. शिवाय सह्याद्रीत पालींच्या नव्या जाती अजूनही सापडत आहेत. कासच्या पठारावरील निमास्पिस गिरीई या छोट्या पालीचे वर्णन २०१४ मधले आहे. अशा नव्या जातींचा क्रमांक लाल यादीत लागायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा असतो. म्हणून जाणकार अभ्यासक केवळ दोन याद्या समोर ठेवून काम करत नाही. अगदी थोड्या प्रदेशापुरत्या मर्यादित असलेल्या, म्हणजे प्रदेशनिष्ठ जातींचा तो स्वतंत्र विचार करतो.

कामाची सुरुवात टेबलावर होते. संग्रहालयांतील जुने नमुने, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध आणि निसर्गनिरीक्षकांनी छायाचित्रांसह केलेल्या नोंदी एकत्र करून त्या परिसरात कोणकोणत्या जाती असू शकतात याची एक संभाव्य यादी तयार केली जाते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नकाशावरचा ठिपका म्हणजे प्राणी जिथे राहतो ती जागा, तशीच ती अभ्यासक जिथपर्यंत पोचला ती जागाही असते. जिथे रस्ता गेला, जिथे एखादा हौशी छायाचित्रकार राहतो, तिथे ठिपके दाट होतात, आणि शेजारच्या सड्यावर एकही ठिपका नसतो, कारण तिथे कोणी गेलेलेच नसते. म्हणून संभाव्य यादी ठिपक्यांवरून करण्यापेक्षा अधिवासावरून केलेली बरी. सुटे दगड असलेला उघडा कातळ आहे का, पावसाळी डबकी किती, ओढ्याला बारमाही पाणी आहे का, वाळूचा किनारा किती दूर आहे, हे प्रश्न आधी विचारायचे आणि मग त्या त्या जागी कोण राहू शकेल ते ठरवायचे.

याच टप्प्यावर गावात बसून बोलणेही होते, किंवा व्हायला हवे. गुरे राखणारी माणसे आणि धनगर यांचे ज्ञान मोलाचे असते, पण ते घेण्याचीही एक रीत आहे. नावांचा घोळ फार होतो. सापसुरळीला गावोगावी सापाची मावशी म्हणतात. पावसात निघणारे देवगांडूळ हे बेडकांच्या नात्यातले, उभयचर आहे, पण त्याला पाहून कोणी मांडूळ म्हणते तर कोणी सापाचे पिल्लू. म्हणून नाव सांगून ‘हे इथे आहे का’ असे विचारण्याऐवजी चित्रे पुढे ठेवावीत, आणि त्यांत त्या भागात असूच शकत नाही अशा एका प्राण्याचे चित्रही मिसळावे. समोरच्याने तोही पाहिला असल्याचे सांगितले, तर बाकीच्या उत्तरांकडे जरा सावधपणे पाहावे लागते. यात अविश्वास नसतो. पाहुण्याला नाही म्हणू नये हा आपला साधा शिष्टाचार असतो आणि तो गृहीत धरावा लागतो.

त्यानंतर प्रत्यक्ष शोध. सरपटणारे प्राणी पक्ष्यांसारखे आवाज देत नाहीत, बिबट्यासारखे ठसे सोडत नाहीत, आणि बराचसा वेळ ते हालचालही करत नाहीत. त्यामुळे त्यांना शोधण्याच्या पद्धती काहीशा कंटाळवाण्या आणि अंगमेहनतीच्या आहेत. ठराविक माणसांनी ठराविक वेळ ठराविक क्षेत्रात शोध घ्यायचा आणि ते माणूस-तासांत मोजायचे, ही मूळ पद्धत. सड्यावर त्यात दगड उचलणे आले. ते करतानाही शिस्त असते. दगडाची आपल्यापासून दूरची कड पकडून तो स्वतःकडे कलता करायचा, म्हणजे खाली फुरसे असेल तर दगड मधे ढालीसारखा राहतो. कोकणच्या सड्यावर फुरसे असणे ही नवलाची बाब नाही, त्यामुळे हात उघडे ठेवून हे काम करणाऱ्याच्या शहाणपणाविषयी शंका घ्यायला जागा आहे. पाहून झाले, छायाचित्र आणि मोजमाप झाले, की दगड त्याच जागी, त्याच बाजूने, त्याच खाचेत परत ठेवायचा. उलटा ठेवलेला दगड ही लहानशी चूक वाटते, पण खालची ओल, फटींची रुंदी आणि सावली यांची जी जुळणी व्हायला कित्येक पावसाळे लागलेले असतात, ती त्या एका हलगर्जीने मोडते. शोध घेणाराच अधिवास बिघडवून गेला, असे होता कामा नये.

बाकीच्या पद्धती जागेनुसार बदलतात. रात्री विजेरी डोळ्यांच्या पातळीवर धरून चालले की मगरीचे आणि काही पालींचे डोळे चमकतात. ज्या जागी नैसर्गिक आडोसा कमी असतो तिथे पत्र्याचे किंवा प्लायवूडचे तुकडे जमिनीवर ठेवून काही आठवड्यांनी त्यांखाली काय आले ते पाहतात. कात, विष्ठा, अंड्यांची टरफले आणि रस्त्यावर चिरडलेले साप याही नोंदीच असतात, आणि पावसाळ्यात रस्त्यावर मेलेल्या सापांची नोंद ही कधीकधी महिनाभराच्या शोधापेक्षा जास्त सांगून जाते. गोड्या पाण्यातील कासवांसाठी पाण्यातील डीएनए तपासण्याची पद्धतही आता वापरली जाते.

आता ऋतूकडे वळू, कारण आपल्याकडचा खरा तिढा इथे आहे. सरपटणारे प्राणी स्वतःच्या अंगात पुरेशी उष्णता तयार करत नाहीत, ती बाहेरून घेतात, त्यामुळे त्यांचा दिनक्रम आणि वर्षक्रम हवामानाशी बांधलेला असतो. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती साधारण हिवाळ्यात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये कितीही चकरा मारल्या तरी घरटे दिसणार नाही. सड्यांवरचे आणि पठारांवरचे पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे पावसाच्या आधीच्या महिन्यांत दगडावर चढून मादीला आकर्षित करतात, तेव्हा ते लांबूनही दिसतात. जमिनीखाली राहणारा खापरखवल्या हा बिनविषारी साप मात्र जमिनीवर येतो तो मुख्यतः पावसाळ्यात. म्हणजे एकाच जागेवर तीन प्राण्यांसाठी तीन वेगळे हंगाम आहेत.

आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे सोप्या भाषेत प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल याच्या अभ्यासाचे, नियम काय सांगतात? १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार हा अभ्यास होतो, आणि खाण प्रकल्पांसाठी ठरवून दिलेल्या प्रमाणित कार्यकक्षेत, म्हणजे अभ्यासात काय काय असावे याच्या यादीत, हवा, पाणी, आवाज, माती यांच्याबरोबरच वनस्पती आणि प्राणी यांचीही प्राथमिक माहिती एका हंगामाची, आणि तोही पावसाळा वगळून, गोळा करायला सांगितले आहे. हवेतील धूळ मोजायला पावसाळा वगळणे समजण्यासारखे आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडा खोटा कमी येतो. परंतु धुळीसाठी योग्य असलेला नियम जसाच्या तसा सापांना लावला, की नेमका ज्या महिन्यांत सडा जिवंत असतो तेच महिने अभ्यासातून बाहेर पडतात. माझ्या मते या विषयातील सर्वात मोठी चूक हीच आहे. नियमात किमान एक हंगाम म्हटले असले, तरी अधिक हंगाम घ्यायला कोणी मनाई केलेली नाही. घेतले जात नाहीत, इतकेच.

न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण त्याला आकड्यांत मांडता येते. समजा, एका सड्यावर ती पट्टेरी पाल खरोखर राहते, आणि योग्य ऋतूत केलेल्या एका फेरीत ती दिसण्याची शक्यता पाचात एक आहे. म्हणजे एका फेरीत ती हुकण्याची शक्यता ८० टक्के. पाच फेऱ्या केल्या तरी प्रत्येक वेळी हुकण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के उरते, दहा फेऱ्यांनंतर ती ११ टक्क्यांच्या आसपास येते, आणि ती पाच टक्क्यांच्या खाली आणायला १४ फेऱ्या लागतात. एका फेरीत दिसण्याची शक्यता दहात एकच असेल, तर फेऱ्यांची संख्या २९ वर जाते. म्हणून अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असले, तर त्या वाक्याचे वजन किती हे त्यामागच्या फेऱ्यांवर ठरते. दोन दिवसांत गाडीने फिरून लिहिलेले ‘आढळले नाही’ आणि तीन ऋतूंत वीस फेऱ्या करून लिहिलेले ‘आढळले नाही’ ही छापील पानावर सारखी दिसणारी, पण अगदी वेगळी विधाने आहेत.

दुसरा घोळ ‘जवळ’ या शब्दाचा. खाण प्रकल्पांसाठी प्रत्यक्ष जागा हे गाभाक्षेत्र आणि तिच्या सीमेपासून दहा किलोमीटरचा परिसर हे सभोवतालचे क्षेत्र मानतात. दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ चौरस किलोमीटर. त्यात गावे, बागा, खाड्या, जंगल, सडे सगळे आले. मगरीसाठी किंवा नदीतील कासवासाठी हे अंतर अर्थपूर्ण आहे, कारण वरच्या अंगाला सोडलेले पाणी कित्येक किलोमीटर खाली पोचते. पण दगडाखालच्या पालीचे सारे आयुष्य काही मीटरांच्या घेरात जाऊ शकते. तिच्या दृष्टीने दहा किलोमीटरवरचा सडा हा दुसरा देश आहे. त्यामुळे सभोवतालच्या क्षेत्राच्या यादीत तिचे नाव घालून गाभाक्षेत्रात दगडच न उचलणे, हा प्रकार कागदावर सविस्तर दिसतो आणि प्रत्यक्षात निरुपयोगी ठरतो. गाभाक्षेत्राची आणि सभोवतालची यादी वेगळी द्यावी, प्रत्येक प्राण्याची अनुसूची लिहावी, आणि अनुसूची १ मधील प्राणी आढळल्यास वनविभागाशी सल्लामसलत करून खर्चाच्या तरतुदीसह संवर्धन आराखडा द्यावा, असे कार्यकक्षेत म्हटलेलेच आहे.

अशा याद्या कशा वाचाव्यात याचे एक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातीलच आहे. एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा मुख्य अधिवास स्प्रूस आणि बर्च वृक्षांचे जंगल असल्याचे लिहिले होते. हा मजकूर रशियातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेला होता. कोकणात हापूस, काजू आणि करवंदांच्या जाळीत वाढलेल्या माणसाला ही चूक पकडायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती, फक्त अहवाल वाचण्याची गरज होती. आजच्या याद्या इतक्या ढोबळ चुका करत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याला थोडे अधिक बारकाईने पाहावे लागते. पाहणीच्या तारखा दिल्या आहेत का, माणूस-तास लिहिले आहेत का, शोध घेतलेल्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत का, रात्रीची फेरी झाली का, आणि सापांच्या यादीत प्रत्यक्ष पाहिलेले, गावकऱ्यांनी सांगितलेले आणि पुस्तकातून घेतलेले असे तीन प्रकार वेगळे दाखवले आहेत का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असणे आणि जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना देणे बंधनकारक आहे, त्यामुळे हे प्रश्न लेखी विचारायला वेळ मिळतो. अभ्यास करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो, ही बाबही वाचताना लक्षात असावी. त्यावरून कोणी खोटे लिहितो असे ठरत नाही, पण आणखी दोन हंगामांचा खर्च मागून घेणे त्याला किती अवघड जात असेल याची कल्पना येते.

काही प्रकल्पांना तर हा अभ्यास करावाच लागत नाही. पवनचक्क्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत नाहीत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे आणि त्याच पठारावर सारडा सुपर्बा हा निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा देखणा सरडा राहतो. २०१६ साली ही प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातील जातींचा गट, वेगळी ठरवताना संशोधकांनी तिला आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द दिला. या पठारावरचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मूल्यांकन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते आणि सरड्यांची संख्या मात्र जास्त होती. केवळ मोजणी करणारा इथे थांबला असता आणि प्रकल्पामुळे सरड्यांचे भले झाले असे लिहून मोकळा झाला असता. संशोधकांनी पुढे पाहिले, तेव्हा त्या भागातील सरडे अंगाने कृश होते, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. शिकारी गेले, गर्दी वाढली, खाण्यासाठी चढाओढ वाढली आणि प्राण्यांचा स्वभाव व शरीर दोन्ही बदलले. म्हणजे ‘आहेत’ हे उत्तर मिळाल्यावरही ‘किती आणि कसे आहेत’ हा प्रश्न उरतो.

आता समजा, पाल सापडली. मग प्रकल्प रद्दच होतो का? बहुतेक वेळा तसे होत नाही. पहिला पर्याय टाळण्याचा असतो. रस्ता, गोदाम किंवा राडारोड्याची जागा दोनशे मीटर सरकवून सुट्या दगडांचा पट्टा मोकळा सोडता येतो का, ते नकाशावर पाहायचे. हे आराखडा पक्का होण्याआधीच शक्य असते, म्हणून पाहणी लवकर व्हायला हवी. दुसरा पर्याय हानी कमी करण्याचा. खोल, उभ्या भिंतींची गटारे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी सापळे ठरतात, त्यांना जागोजागी उतार द्यायचा. रात्रीचे दिवे खाली झुकलेले आणि मोजके ठेवायचे. तिसरा पर्याय प्राणी उचलून दुसरीकडे सोडण्याचा, आणि तो अहवालांत सर्वात सहज लिहिला जातो. पण दुसऱ्या सड्यावरचे चांगले दगड आधीच कोणाच्या तरी ताब्यात असतात, आणि सोडलेला प्राणी परत आपल्या जागेकडे निघतो किंवा उघड्यावर मरतो. पिंजऱ्यातून सोडतानाचे छायाचित्र मात्र छान येते.

सड्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. खाण किंवा कारखाना दिसतो तरी, पण सडा फोडून, सुरुंग लावून, ट्रकने माती आणून केलेली आंब्याची बाग कोणाच्या हिशेबात येत नाही. दगड गोळा करून बांधाला रचले गेले की पालीचे घर गेले, आणि त्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागत नाही. त्यामुळे एका प्रकल्पाचे मूल्यांकन करताना शेजारचे किती सडे आधीच गेले आहेत, हेही त्याच नकाशावर दाखवावे लागते. उरलेला सडा हा तिथला शेवटचा असेल, तर पाच टक्के जागा गेली हा हिशेब चुकीचा ठरतो.

परवानगी मिळून काम सुरू झाल्यावरही पाहणी संपत नाही, निदान संपू नये. ज्या दगडांखाली पाली मिळाल्या त्यांची स्थाननिश्चिती करून, कडेला रंगाचा एक बारीक ठिपका देऊन ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, तेच दगड पुन्हा उचलतात आणि पुन्हा तसेच त्याच खाचेत ठेवतात.